शब्द पाठ केल्यावाचून महाकाव्य नाही

लॅटिन महाकाव्य मुळातून वाचावे अशी इच्छा आपल्या मंडळींत अधूनमधून प्रकट होते. कुणाची नात परदेशी शाळेत लॅटिन घेते आणि व्हर्जिलपाशी अडते. कुणी निवृत्तीनंतर संस्कृत काव्याच्या जोडीने युरोपातील अभिजात काव्यही पाहावे म्हणून व्याकरणाचे पुस्तक आणतो. नामांचे पाच गण व क्रियापदांचे चार गण कसेबसे हाताखालून जातात, सीझरच्या गद्याची काही पाने पार पडतात, आणि 'ईनीड'चे पहिले पान उघडताच गाडी थांबते. व्याकरण कळते, पण शब्द कळत नाहीत. अशा वेळी जो सल्ला हमखास मिळतो तो असा : "पाठांतराच्या भानगडीत पडू नका. कोश जवळ ठेवा, नाहीतर मोबाइल आहेच. वाचता वाचता शब्द आपोआप बसतील." सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो; परंतु या सल्ल्याने वाचकाच्या हातून काव्यच निसटते, असे माझे स्पष्ट मत आहे. ते येथे सकारण मांडतो.

पहिली गोष्ट ही की, महाकाव्याची लॅटिन ही कोणाच्याही घरची बोली कधी नव्हती. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात लिव्हियस अँड्रोनिकसने 'ओडिसी' लॅटिनमध्ये आणली ती जुन्या सॅटर्नियन वृत्तात. पुढे एनियसने (ख्रि. पू. २३९–१६९) आपल्या 'अनालेस' या काव्यासाठी होमरचे हेक्झामीटर वृत्त उचलले आणि त्या क्षणापासून महाकाव्याला स्वतःचा शब्दसाठा उभारावा लागला. काही शब्द ग्रीकांकडून आले, काही जुन्या लॅटिनमधून उकरून काढले गेले, काही कवींनी स्वतः घडवले. ख्रि. पू. १९ मध्ये व्हर्जिल वारला तेव्हा हा साठा पूर्ण सिद्ध झाला होता. ओव्हिड, ल्यूकन, स्टेशियस हे पुढचे कवी त्याच भांडवलावर उभे राहिले. बाजारात, न्यायालयात, छावणीत ही भाषा कोणी बोलत नव्हते. म्हणूनच रोमन मुलांनाही व्हर्जिलचे शब्द गुरूपुढे बसून शिकावे लागत. चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधीस सर्व्हियसने 'ईनीड'वर केलेली टीका पाहावी. ती ओळीगणिक, शब्दागणिक अर्थ सांगत जाते. ईजिप्तमध्ये पपायरसवर सापडलेल्या 'ईनीड'च्या काही प्रतींत डावीकडे लॅटिन शब्द आणि उजवीकडे त्यांचे ग्रीक अर्थ अशा दोन उभ्या ओळी आढळतात. ग्रीक बोलणाऱ्या विद्यार्थ्यांची ती पुस्तके होत. ज्यांच्या साम्राज्याची ती राजभाषा होती त्यांनाही शब्दांची यादी चुकली नाही. आपल्यालाच ती चुकेल असे मानण्याचे कारण काय?

"मूल मातृभाषा यादीवाचून शिकते," असे उत्तर यावर मिळते. ते खरेच आहे. पण मुलाच्या कानावर ती भाषा दिवसभर दहा तोंडांतून पडत असते. व्हर्जिलचे शब्द आपल्या कानावर कोण घालणार?

आता हा साठा प्रत्यक्ष कसा आहे ते पाहू. शब्द उच्चारानुसार देवनागरीत देतो. समुद्राला रोजचा शब्द 'मरे'. पण महाकवी 'ऐक्वोर' म्हणतो. हा 'सम, सपाट' या अर्थाच्या विशेषणापासून झालेला शब्द, म्हणून पसरलेले पाणी, आणि प्रसंगी मैदानही. 'पोन्तुस' आणि 'पेलगुस' हे ग्रीकांकडून आलेले. 'फ्रेतुम' म्हणजे मुळात सामुद्रधुनी, चिंचोळे व उसळते पाणी. 'अल्तुम' म्हणजे खोल. आणि तेच विशेषण 'उंच' या अर्थीही चालते, कारण मोजणारा वरून मोजतो की खालून एवढाच काय तो फरक. 'साल' म्हणजे मीठ, त्यावरून खारे पाणी. जहाजाला 'नाविस' हा साधा शब्द. पण काव्यात 'रतिस' म्हणजे तराफा, 'करीना' म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, 'पुप्पिस' म्हणजे मागील बाजू, 'पीनुस' म्हणजे पाइन वृक्ष, 'त्रब्स' म्हणजे तुळई, हे सारे जहाजासाठी येतात. सैनिकाची रोजची तलवार 'ग्लदिउस'. महाकाव्यातील वीराच्या हाती मात्र बहुधा 'एन्सिस' असते, किंवा नुसते 'फेर्रुम' म्हणजे लोखंड, नाहीतर 'मूक्रो' म्हणजे टोक. 'एन्सिस' हा आपल्या 'असि'चा सख्खा भाऊ होय. पत्नीसाठी गद्यात 'उक्सोर', काव्यात बहुधा 'कोन्युन्क्स', म्हणजे जोडलेली. आपल्या 'युज्' धातूचेच ते कुळ. ग्रीकांना रोजच्या 'ग्रैकी' या नावाऐवजी दनई, अर्गीवी, अखीवी, पेलस्गी म्हणायचे, आणि ट्रॉयच्या लोकांना तेउक्री किंवा दर्दनिदै. पार्थ, कौन्तेय, धनंजय, सव्यसाची ही एकाच माणसाची नावे आहेत हे ज्याला ठाऊक नाही त्याला महाभारतात किती माणसे लढत आहेत हेच कळणार नाही. तसाच हा प्रकार आहे.

येथे दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. "ऐक्वोर म्हणजे समुद्र, पोन्तुस म्हणजे समुद्र, पेलगुस म्हणजे समुद्र" असे घोकणारा विद्यार्थी पाठांतराच्या नावाखाली शब्दांची नासाडी करतो. सात शब्द शिकून त्याच्या पदरात एकच अर्थ पडतो. सरकारी दप्तरात आयुष्य घालवलेल्या माणसाला याचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. ताबा, वहिवाट आणि मालकी या तिन्हींना सामान्य माणूस 'जमीन माझी' एवढेच समजतो. पण त्या तीन शब्दांतील अंतरावर पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. कवीच्या दप्तरातही तसेच असते. शब्द पाठ करावा तो त्याच्या व्युत्पत्तीसह, त्याच्या दर्जासह, आणि तो कोणत्या शेजाऱ्यांत वावरतो हे लक्षात ठेवून. अमरसिंहाने शब्द वर्गवारीने का बांधले याचे उत्तर यातच आहे. युरोपातही सतराव्या शतकापासून 'ग्रादुस आद पार्नास्सुम' नावाचे कोश शाळाशाळांतून चालत. त्यांत प्रत्येक लॅटिन शब्दाचे ऱ्हस्वदीर्घत्व, त्याचे पर्याय आणि त्याला शोभणारी विशेषणे एकत्र दिलेली असत. दोन दूरच्या परंपरांना एकाच साधनाची गरज भासावी, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

ऱ्हस्वदीर्घाचा मुद्दा तर मराठी वाचकाने अभिमानाने ऐकावा असा आहे. हेक्झामीटरच्या ओळीत सहा गण असतात. प्रत्येक गण एकतर गुरु-लघु-लघु, म्हणजे आपला भगण, किंवा दोन गुरु. शेवटच्या गणात अखेरचे अक्षर लघु असले तरी चालते. दोन्ही प्रकारांत मात्रा चारच. जोडव्यंजनापूर्वीचे अक्षर साधारणतः गुरु, हा नियमही आपल्या ओळखीचा. मोरोपंतांच्या आर्या-गीतीत चार मात्रांच्या गणाला पाच रूपे मोकळी आहेत. व्हर्जिलला त्यांतील दोनच. ज्या घरात आर्या म्हटल्या गेल्या त्या घरातील कानाला हे वृत्त परके नाही. 'इम्पेरातोर', म्हणजे सेनापती, हा शब्द महाकाव्यात का येत नाही असे परदेशी विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते. आपल्याला एवढेच सांगितले की पुरे : तो रगणाने, गुरु-लघु-गुरु असा सुरू होतो, आणि रगणाला या वृत्तात जागा नाही. एनियसने त्यासाठी 'इन्दुपेरातोर' असे जुन्या थाटाचे रूप वापरले, ते भगणाने सुरू होते.

हे केवळ कानाचे कौतुक नव्हे. अर्थ त्यावर ठरतो. 'लातुस' म्हणजे रुंद, 'लतुस' म्हणजे बाजू किंवा कूस. 'मालुम' म्हणजे सफरचंद, 'मलुम' म्हणजे वाईट. 'फुगित' म्हणजे पळतो, 'फूगित' म्हणजे पळाला. रोमन लिपीतील छापील पुस्तकात या जोड्या बहुधा अगदी सारख्या दिसतात, कारण दीर्घत्वाची खूण सहसा छापत नाहीत. दिन आणि दीन, सुत आणि सूत एकच छापले तर आपले काय होईल? कोश किंवा मोबाइल उघडणाऱ्यापुढे 'लातुस-लतुस'चे सगळे अर्थ एका ओळीत येऊन उभे राहतात. त्यांतला कोणता, हे यंत्राने अंदाजाने सांगायचे आणि वाचकाने मुकाट्याने घ्यायचे. ज्याने शब्द मुळातच दीर्घऱ्हस्वासह पाठ केला आहे त्याला ओळ मोठ्याने म्हणताच निवाडा होतो. मराठी विद्यार्थ्याने तर आपली वही देवनागरीतच ठेवावी. 'अ' आणि 'आ' यांतील जो भेद रोमन लिपी झाकते तो आपली लिपी उघड दाखवते.

"लागेल तेव्हा कोश पाहावा" या मताला खरे उत्तर लॅटिनच्या वाक्यरचनेतच आहे. या भाषेत विशेषण आणि नाम यांचे नाते प्रत्ययाने कळते, जवळ बसल्याने नव्हे. त्यामुळे कवी विशेषण ओळीच्या मध्यावर ठेवतो आणि त्याचे नाम ओळीच्या टोकाला नेतो. ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'मध्ये तर अशा ओळी भेटतात की आधी दोन विशेषणे, मध्ये क्रियापद, शेवटी दोन नामे. वाचकाने दोन्ही विशेषणे मनात झेलून धरायची आणि नामे आली की ज्याची त्याला द्यायची. यातच त्या ओळीचा आनंद आहे. आता मध्येच एका शब्दासाठी जो कोशाकडे वळला, त्याच्या हातातले दोन्ही चेंडू खाली पडले. तो परत येईल तेव्हा त्याला अर्थ मिळेल, ओळ मिळणार नाही.

आकड्यांतही हे पाहता येते. लॅटिनमधील सर्वाधिक वापरातील सुमारे हजार शब्दांची यादी अमेरिकेतील डिकिन्सन महाविद्यालयाने तयार केली आहे. त्या हजारांत सर्वसाधारण लॅटिन मजकुरातील सुमारे ७० टक्के शब्द येतात असे सांगितले जाते. हजार शब्दांत ७० टक्के हा सौदा उत्तमच, आणि तो प्रथम करावाच. पण हेक्झामीटरच्या ओळीत सहा-सात शब्द असतात. शंभरातले तीस अनोळखी म्हणजे ओळीमागे सरासरी दोन. आणि सर्वसाधारण यादीत न बसणारे शब्द बहुधा कवीने मुद्दाम निवडलेलेच असणार. व्याकरण शिकून नंतर 'आपोआप' वाचू म्हणणारा विद्यार्थी 'आणि', 'परंतु', 'तो', 'होता' हे ओळखतो आणि काव्यापाशी थांबतो.

पाठांतर नसेल तर काय हुकते याचे एकच उदाहरण घेऊ, कारण ते 'ईनीड'च्या गाभ्याचे आहे. 'कोन्देरे' हे क्रियापद. यादीत त्याचा अर्थ 'स्थापन करणे' असा सापडेल. पण मुळात त्यात एकत्र ठेवणे, साठवणे, लपवणे, पुरणे हेही आहे. काव्याच्या पाचव्याच ओळीत हे क्रियापद येते : नायकाने इतके सोसले ते नगर वसवण्यासाठी. त्यानंतर बारा सर्ग जातात. सगळ्या काव्याच्या शेवटून तिसऱ्या ओळीत तेच क्रियापद पुन्हा येते : पायाशी पडून याचना करणाऱ्या टर्नसच्या छातीत तोच नायक क्रोधाने तलवार पुरतो. नगराचा पाया आणि छातीतील पाते, दोघांना एकच क्रियापद. मराठीत 'रोवणे' काहीसे जवळ जाते, तरी पुरते नाही. तसेच दुसरे : नायक काव्यात प्रथम दिसतो तेव्हा वादळात भयाच्या गारठ्याने त्याचे अवयव गळून जातात, शेवटून दुसऱ्या ओळीत टर्नसचे अवयव मृत्यूच्या गारठ्याने गळतात, आणि शब्द तेच आहेत. साम्राज्याची स्थापना आणि एका शरणागताचा वध यांच्यामध्ये व्हर्जिलने हा धागा ओढून ठेवला आहे. त्याने न्याय केला की अन्याय दाखवला, यावर विद्वान आजही वाद घालतात. तो वाद आपल्या कानी पडावयाचा तर पहिल्या सर्गातला शब्द बाराव्या सर्गापर्यंत डोक्यात राहिला पाहिजे. कोशात पाहिलेला शब्द पान उलटेपर्यंत राहत नाही. भाषांतरात तर तो बहुधा दोन वेगळ्या शब्दांत विभागून गेलेला असतो. १६९७ साली प्रसिद्ध झालेले ड्रायडनचे इंग्रजी भाषांतर कितीही थोर असले तरी ते ड्रायडनचे काव्य आहे.

प्रामाणिकपणे विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट पुरावाही मांडला पाहिजे. पहिल्या शतकाच्या अखेरीस क्विंटिलियनने वक्तृत्वशिक्षणावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या दहाव्या भागात तो समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्यांची कीव करतो आणि शब्दसंपत्ती चांगल्या ग्रंथांच्या वाचनाने व श्रवणाने मिळवावी असे सांगतो. तेथेच 'एन्सिस' आणि 'ग्लदिउस' यांच्या अर्थात फरक नाही असेही म्हणतो. पाठांतराच्या विरोधकांना याहून मोठा वकील मिळणार नाही. पण क्विंटिलियन कोणाला उपदेश करीत होता? ज्यांना लॅटिन येतच होती आणि ज्यांना न्यायालयात बोलताना पुढचा शब्द चटकन सुचायला हवा होता, अशा तरुण वकिलांना. त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडायचा होता. आपल्याला आलेला शब्द ओळखायचा आहे. शिवाय तो ज्याचा तिटकारा करतो ती बिनविवेकाची, सपाट यादी; तिचा निषेध वर मीही केला आहे. आणि दोन तलवारींत फरक नसेल तर महाकवींनी एक सोडून दुसरीच का उचलली, हे त्याला सांगावे लागत नव्हते, कारण त्याच्या श्रोत्यांना व्हर्जिल लहानपणापासून मुखोद्गत होता. म्हणजे पाठांतराची निंदा करणाऱ्या या आचार्याच्या पायाखाली पाठांतराचीच जमीन होती.

मग करावे काय? माझे म्हणणे साधे आणि हिशेबाचे आहे. प्रथम शंभर दिवस रोज दहा शब्द, म्हणजे हजार. शब्द एकेकटे घेऊ नयेत. समुद्राचे एकत्र, नौकेचे एकत्र, शस्त्रांचे, मृत्यूचे, क्रोधाचे एकत्र. प्रत्येक शब्द मोठ्याने, दीर्घऱ्हस्वासह, लिंग व षष्ठीच्या रूपासह म्हणावा. जेथे संस्कृत भावंड आहे तेथे ते शेजारी लिहावे : 'इग्निस' व अग्नी, 'वोक्स' व वाच्, 'फूमुस' व धूम, 'गेनू' व जानु. पण नाते आहे म्हणून अर्थ एकच समजू नये. 'रोत' म्हणजे चाक, आपला 'रथ' म्हणजे सबंध वाहन. 'पिएतास'सारख्या शब्दाला तर एकच प्रतिशब्द देऊच नये. जळत्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन, मुलाचा हात धरून निघालेल्या माणसाचा तो गुण आहे. देव, पितर, संतती आणि देश या साऱ्यांचे ऋण त्यात येते. 'भक्ती' म्हटले तर तो अपुरा पडतो आणि 'कर्तव्य' म्हटले तर कोरडा होतो. शंभर दिवसांनंतर रोज वीस ओळी, अगोदर त्यांतील नवे शब्द पाठ करून, मग न थांबता. 'ईनीड'च्या ओळी ९,८९६ आहेत. रोज वीसच्या दराने सुमारे ४९५ दिवस. दोन वर्षांच्या आत संपूर्ण महाकाव्य. आमच्यासारख्या निवृत्तांना "वेळ नाही" ही सबब शोभत नाही.

"हे सारे ठीक, पण आपला लॅटिनशी संबंध काय?" असा शेवटचा प्रश्न येतो. संबंध आहे, आणि तो आपल्याच वस्त्यांत आहे. १८९३ ते १९०६ या काळात बडोदे संस्थानच्या नोकरीत असलेले अरविंद घोष हे केंब्रिजला ग्रीक-लॅटिनच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले होते. ट्रॉयच्या युद्धावर त्यांनी पुढे इंग्रजीत 'इलियन' हे हेक्झामीटरमधील काव्य लिहिले. त्यांच्याही आधी गोव्यात थॉमस स्टीफन्स होता. १५७९ साली आलेला हा इंग्रज येशूसंघी पाद्री लॅटिनच्या संस्कारात वाढलेला. त्याने मराठी ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे छापून निघाले. या माणसाच्या धर्मकार्याविषयी आणि त्या काळच्या गोव्यातील राजवटीविषयी मते काहीही असोत. पण परभाषेच्या महाकाव्यपरंपरेचा शब्दसाठा किती खोलवर शिकता येतो याचे याहून मोठे उदाहरण आपल्याजवळ नाही. लागेल तेव्हा कोशात पाहून कोणी अकरा हजार ओव्या लिहीत नाही, आणि त्याच्यासमोर मराठीचा छापील कोश तर नव्हताच.

हीच गोष्ट आपल्या घरांवरही उलटते, आणि म्हणूनच हा विषय मला येथे मांडावासा वाटला. महाराष्ट्राबाहेर पिढ्या काढलेल्या आपल्या कुटुंबांत मराठी बोलणे टिकले आहे. प्रथम गेले आहेत ते काव्याचे शब्द. मुलांना 'समुद्र' येतो, पण 'अर्णव', 'सिंधू', 'रत्नाकर' म्हटले की ती आपल्याकडे पाहतात. तेव्हाही आपण हाच सल्ला देतो : "अडले तर विचार, नाहीतर कोशात बघ." ती विचारीत नाहीत, बघतही नाहीत, ती पुस्तक मिटतात. लॅटिन विद्यार्थ्याचे पुस्तक ज्या ओळीवर मिटते त्याच ओळीवर आपल्या नातवंडांचे मुक्तेश्वर आणि मोरोपंत मिटतात.

ज्यांना हे मत मान्य नसेल त्यांनी पुढील अंकात अवश्य प्रतिवाद करावा. माझी अट एकच आहे. त्यापूर्वी त्यांनी 'ईनीड'च्या पहिल्या शंभर ओळी दोन रीतींनी वाचून पाहाव्यात : पन्नास कोश हाताशी ठेवून, आणि पन्नास त्यांतील सगळे शब्द अगोदर पाठ करून. त्यानंतर त्यांनी जे लिहिले ते वाचायला मी उत्सुक आहे.